आधी जागा, मग पॅड, मग मशीन

रबिंग-पॉलिश करून आणलेली गाडी उन्हात उभी करावी आणि जरा वाकून पाहावी. बॉनेट, टप, दरवाजे लख्ख झालेले असतात. पण हँडलमागच्या वाटीत नखांचे ओरखडे तसेच असतात. नंबरप्लेटच्या कडेचा मळकट पट्टा जागचा हललेला नसतो आणि काचेशेजारच्या उभ्या खांबावर बारीक रेघांची जाळी पूर्वीसारखीच चमकते. एखाद्या गाडीच्या बंपरच्या कोपऱ्यावर तर रंगच उडालेला असतो. मोठे मशीन जिथे शिरले नाही तिथे काम राहिले आणि जिथे जबरदस्तीने घुसवले तिथे रंग गेला. पॉलिशवाल्याचा हात किती तयार आहे, हे बॉनेटवरून कळत नाही. ते या अडचणीच्या जागा सांगतात.

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत आता या कामाला चांगली मागणी आहे. रांजणगावच्या एमआयडीसीत गाड्या तयारच होतात. जीप कंपास २०१७ पासून तिथल्याच कारखान्यातून बाहेर पडते. कंपन्यांमध्ये कर्मचाऱ्यांची ने-आण करणाऱ्या गाड्या, लग्नसराईतल्या भाड्याच्या गाड्या, जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री, उसाचे बिल आल्यावर घेतलेली नवी एसयूव्ही या सगळ्यांना पॉलिश लागते. पुणे–अहिल्यानगर रस्ता, पुणे–सोलापूर रस्ता आणि या दोहोंना जोडणारा शिरूर–न्हावरे–चौफुला रस्ता, तिन्हींवर वॉशिंग सेंटरे आहेत. त्यांतल्या ज्यांना वॉशिंगच्या पुढे जाऊन डिटेलिंग करायचे आहे, त्यांच्यासाठी आणि आपली गाडी नीट राहावी असे वाटणाऱ्या मालकांसाठी हा लेख आहे.

इथल्या गाडीवर काय काय बसते

मशीन निवडण्याआधी रंगावर नेमके काय बसलेले आहे ते ओळखावे लागते. हा पर्जन्यछायेचा भाग आहे. वर्षातले बरेच महिने बारीक धूळ उडत असते. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून गळीत हंगाम सुरू झाला की पाचट पेटवल्याची काजळी, गुऱ्हाळांचा धूर आणि कारखान्यांच्या धुराड्यांतली राख हवेत असते. सकाळी बॉनेटवर काळे कण पडलेले दिसतात आणि माणूस सवयीने कोरड्या फडक्याने ते झटकतो. रंगावरची जाळी बहुतेक वेळा इथेच जन्माला येते.

दौंडसारख्या मोठ्या रेल्वे जंक्शनच्या आसपास रोज उभ्या राहणाऱ्या गाड्यांवर चाके, ब्रेक आणि रूळ यांच्या घर्षणातून उडालेले लोखंडाचे बारीक कण बसतात. ते रंगात रुततात आणि पुढे गंजून तांबूस ठिपके दिसू लागतात. बोअरचे पाणी क्षारयुक्त असेल, तर धुतलेली गाडी उन्हात वाळताना थेंबांच्या जागी पांढरी वर्तुळे उरतात. दसऱ्याला आणि नव्या गाडीच्या पूजेला बॉनेटवर काढलेला कुंकवाचा स्वस्तिक, झेंडूच्या माळेचा घासणारा दोरा, लग्नाच्या सजावटीची चिकटपट्टी यांचेही डाग राहतात.

हा सगळा ऐवज अडचणीच्या जागांतच जास्त साठतो, कारण धुताना हात तिथे पोचत नाही. काचेच्या रबराशेजारची खाच, एम्बलेमच्या अक्षरांमधली जागा, पेट्रोलच्या झाकणाची कड इथे अडकलेला वाळूचा एक कण पॅडखाली आला, तर पॅड पुढची प्रत्येक रेघ त्या कणाने ओढतो. म्हणून मशीन हातात घेण्याआधी मऊ ब्रशने खाचा धुवाव्यात, लोखंडाचे कण विरघळवणारे आयर्न रिमूव्हर मारावे आणि रुतलेली घाण उचलणारा क्ले बार फिरवावा. लहान पॅडचे निम्मे यश या धुण्यात आहे.

रंग नेमका कुठे पातळ असतो

कारखान्यात गाडीवर प्रायमरचे थर, मग रंगाचा बेस कोट आणि शेवटी पारदर्शक क्लिअर कोट दिला जातो. सगळे थर मिळून जाडी साधारण १०० ते १४० मायक्रॉन भरते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. यात क्लिअर कोटचा वाटा साधारण ४० मायक्रॉनच्या आसपास. पॉलिश म्हणजे हा क्लिअर कोट अतिशय बारीक खरवडून सपाट करणे. उन्हातल्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाला तोच वाचवतो. तो एकदा गेला की गेला. कुठलेही वॅक्स किंवा कोटिंग तो परत आणत नाही.

सपाट पत्र्यावर ही जाडी बऱ्यापैकी सारखी असते. कडेवर मात्र तसे नसते. ओट्याला सारवताना कोपऱ्यावरचे सारवण दोन्ही बाजूंना ओढले जाते आणि धारेवर थर पातळ राहतो, तसेच ओल्या रंगाचे होते. बॉनेटची कड, दरवाजावरची उठावदार रेघ, चाकावरच्या कमानीची धार इथे रंग मुळातच कमी असतो. त्यात सपाट पॅड धारेवर ठेवला की सगळा दाब त्या अरुंद रेषेवर येतो. थर सर्वांत पातळ आणि दाब सर्वांत जास्त, असा दुहेरी धोका तिथे असतो.

बंपर आणि आरशाचे कव्हर प्लास्टिकचे असतात. लोखंडी पत्रा उष्णता भोवती पसरवतो, प्लास्टिक ती जागच्या जागी धरून ठेवते, त्यामुळे रंग लवकर तापतो आणि मऊ पडतो. रंगाची जाडी मोजणारे साधे मीटर लोखंडावर चालते, प्लास्टिकवर चालत नाही. म्हणजे सर्वांत नाजूक जागी मोजमापाची सोयही नाही. गाडी कधी ठोकून दुरुस्त झाली असेल, खाली लांबी (पुट्टी) भरून वरून गॅरेजचा रंग मारलेला असेल, तर त्या पॅनलचा स्वभाव शेजारच्या पॅनलपेक्षा वेगळा असतो. आधी मालकाला तसे विचारावे आणि मग काम सुरू करावे.

लहान पॅडचे गणित

लहान जागेला लहान पॅड एवढे सगळ्यांना सुचते. पण पॅड लहान झाला की हाताचे गणितही बदलते, ते लक्षात येत नाही. १५० मिलिमीटर व्यासाच्या पॅडचे क्षेत्रफळ सुमारे १७७ चौरस सेंटिमीटर असते. ७५ मिलिमीटरच्या पॅडचे ४४. व्यास निम्मा झाला, पण क्षेत्रफळ चौथाईवर आले. ५० मिलिमीटरचा पॅड सुमारे २० चौरस सेंटिमीटरचा आणि २५ मिलिमीटरचा जेमतेम पाचाचा.

समजा, हात सवयीने ४ किलोचा भार देतो. मोठ्या पॅडखाली दर चौरस सेंटिमीटरला २२-२३ ग्रॅम येतात. तोच भार ७५ च्या पॅडवर ९० ग्रॅम होतो, ५० च्या पॅडवर २०० आणि २५ च्या पॅडवर ८०० ग्रॅम. बॉनेटवर ज्या जोराने रेघ जाते, त्याच जोराने हँडलच्या वाटीत रंग जातो, त्याचे कारण हे. शिवाय लहान फोममध्ये उष्णता शोषून घ्यायला जागाच नसते, तो काही सेकंदांत तापतो. म्हणून ७५ मिलिमीटर आणि त्याखालच्या पॅडला मशीनचे स्वतःचे वजन पुरते. हाताने फक्त दिशा द्यायची.

दुसरे गणित जागेचे. मशीन डीए, म्हणजे ड्युअल अ‍ॅक्शन असेल, तर पॅड स्वतःभोवती फिरतो आणि त्याच वेळी लहान वर्तुळात झुलतो. त्या वर्तुळाच्या व्यासाला थ्रो म्हणतात. पॅड व्यापतो ती जागा त्याच्या व्यासात थ्रो मिळवून येते. ७५ मिलिमीटरचा पॅड १२ मिलिमीटर थ्रोच्या मशीनवर लावला की ८७ मिलिमीटर जागा लागते. खांबाची रंगीत पट्टी ८० मिलिमीटरची असेल, तर तो पॅड शेजारच्या रबराला मारणारच. उलट ५० मिलिमीटरचा पॅड ३ मिलिमीटर थ्रोवर फक्त ५३ मिलिमीटर व्यापतो. साधी पट्टी घेऊन आधी जागा मोजावी, त्यावरून पॅड आणि थ्रो ठरवावा आणि त्याला साजेसे मशीन शोधावे. बाजारात बहुतेक जण याच्या उलटे करतात: आधी मशीन घेतात आणि मग ते बसेल अशी जागा शोधतात.

मशीन कोणते

सगळ्यात आधी जे वापरू नये ते. लोखंड कापायच्या ग्राइंडरला बफ लावून पॉलिश करण्याची पद्धत अजूनही दिसते. चार इंची ग्राइंडर मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेतो. त्यावरच्या १०० मिलिमीटरच्या पॅडची कड ताशी २०० किलोमीटरहून अधिक वेगाने रंगावर घासते. पॉलिशच्या रोटरी मशीनवर १५० मिलिमीटरचा पॅड १,५०० फेऱ्यांना चालवला, तर तोच वेग ताशी ४२ किलोमीटरच्या आसपास असतो. ग्राइंडर आकाराने लहान आहे म्हणून अडचणीच्या जागी सोयीचा वाटतो, पण रंग जाळायला त्याला क्षण पुरतो.

रोटरी मशीनचा पॅड एकाच अक्षावर गोल फिरतो. ते जोरात कापते आणि वाकणात अडून बसत नाही. पण एकाच जागी राहिले तर तापते, आणि काळ्या रंगावर उन्हात दिसणाऱ्या वळणदार सावल्या, म्हणजे होलोग्राम, सोडते. अडचणीच्या जागी मात्र त्याचा एक मोठा गुण आहे: थ्रो नसल्याने पॅड जेवढा तेवढीच जागा लागते. पुढे लांब दांडा लावला की ग्रिलच्या आत आणि नंबरप्लेटच्या खोबणीतही लहान पॅड पोचतो. पॅड जितका लहान तितका कडेचा वेगही कमी. १,५०० फेऱ्यांना ७५ मिलिमीटरच्या पॅडची कड ताशी २१ किलोमीटरने आणि २५ मिलिमीटरची फक्त ७ किलोमीटरने फिरते. म्हणून लहान पॅडवर रोटरी तितके भयंकर राहत नाही, दाब आवरला तर. कडेजवळ जाताना पॅडचा फिरता काठ पॅनलच्या आतून बाहेर सुटला पाहिजे. तो बाहेरून येऊन धारेवर आदळला की रंग उचलला जातो.

साधे डीए मशीन नवशिक्याला सांभाळून घेते. जास्त दाबले की पॅडचे फिरणे थांबते, नुसते थरथरणे उरते आणि रंग वाचतो. पण वळणावर हेच त्याचे उणेपण ठरते, कारण एका बाजूला टेकलेला पॅड फिरतच नाही आणि काम होत नाही. पॅड ज्या चकतीवर चिकटतो त्या बॅकिंग प्लेटच्या कडेला मार्करने एक रेघ मारून ठेवावी. रेघ फिरताना दिसली तर काम चालू आहे, स्थिर दिसली तर दाब कमी करावा. १५ आणि २१ मिलिमीटर थ्रोची मशीने बॉनेट, टप, दरवाजे यांच्यासाठी. लहान पॅडवर १२ किंवा ३ मिलिमीटर थ्रो बरा. १२ चा थ्रो थोडे कापतोही आणि गुळगुळीतही करतो. ३ चा थ्रो सावकाश चालतो, पण खाचेत हाताच्या मुठीत राहतो.

या सगळ्या गरजा ओळखून काही कंपन्यांनी बॅटरीवरची छोटी मशीने काढली आहेत. इटलीच्या रुपेसचे आयब्रिड नॅनो आणि जर्मनीच्या फ्लेक्सचे पीएक्सई ८० यांत एकाच मशीनला रोटरी, ३ मिलिमीटर आणि १२ मिलिमीटर अशी बदलती तोंडे लावता येतात. स्वस्त पर्यायही बाजारात आहेत. नाव कोणतेही असो, चार गोष्टी पाहाव्यात: डोके किती बुटके आहे, वेग खाली किती येतो, भार आल्यावर वेग टिकतो का, आणि लहान मापाची बॅकिंग प्लेट व पॅड पुण्यात सहज मिळतात का. ग्रामीण फीडरवर व्होल्टेज खाली-वर होते, तेव्हा वेग स्थिर ठेवणारे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण महत्त्वाचे. बॅटरीच्या मशीनला आणखी एक फायदा: ओढत आलेली वायर नुकत्याच पॉलिश केलेल्या दरवाजावर घासत नाही. वायरचे मशीन असेल तर ती खांद्यावरून पाठीमागे टाकावी. हवेवर चालणारी छोटी मशीने हलकी आणि सुरेख असतात, पण त्यांना सतत भरपूर हवा लागते. पंक्चरच्या दुकानातला लहान कॉम्प्रेसर त्यांना पुरा पडत नाही.

पॅड कोणता

लोकरीचा पॅड जोरात कापतो आणि तंतूंमधून हवा खेळत असल्याने तुलनेने थंड राहतो. पण त्याचे केस रबरात आणि एम्बलेममध्ये अडकतात, आणि धारेवर तो फार भूक दाखवतो. मायक्रोफायबर पॅड डीएवर भरभर काम उरकतो, मात्र लहान मापात पटकन तापतो. अडचणीच्या जागांसाठी मुख्य भरवसा फोमवरच ठेवावा: मध्यम घट्ट फोम ओरखड्यांसाठी, मऊ फोम शेवटच्या चमकेसाठी. रंगावरून पॅड ओळखू नये. एका कंपनीचा पिवळा कापणारा असतो, तर दुसरीचा पिवळा मऊ. पाकिटावरचे वर्णन वाचावे, बोटाने दाबून पाहावा.

पॅड बॅकिंग प्लेटपेक्षा चारही बाजूंनी थोडा मोठा हवा. नाहीतर प्लेटची कडक धार खाचेत रंगाला लागते आणि तो ओरखडा कुठल्याच पॉलिशने जात नाही. लहान पॅड फार जाडही नको, जाड फोम डुलतो आणि मशीन कलते. शंकूच्या आकाराचे पॅड चाकांच्या आऱ्यांत आणि सायलेन्सरच्या तोंडाशी कामाचे. रंगीत पत्र्यावर ते टोकाशीच टेकतात, म्हणून तिथे नको. लहान पॅड पॉलिशने आणि निघालेल्या रंगाने लवकर भरतो. एका गाडीसाठी ७५ मिलिमीटरचे सहा-आठ पॅड हाताशी असावेत. प्रत्येक भाग झाला की पॅड ब्रशने झाडावा, भिजल्यासारखा झाला की बदलावा.

हँडलची वाटी

वाटी आधी धुऊन, कोरडी करून तिच्यात तिरका टॉर्च मारावा. नखांच्या आडव्या-तिडव्या रेघा दिसतील. नख फिरवून जी रेघ अडते ती खोल आहे. तिच्या मागे लागू नये, कारण ती जाईपर्यंत क्लिअर कोट संपेल. हँडल, क्रोमची पट्टी आणि वाटीची बाहेरची धार यांवर मास्किंग टेप लावावा. हातातली अंगठी, कडे, घड्याळ काढून ठेवावे.

पहिला प्रयत्न बोटाने: फोमच्या छोट्या तुकड्यावर बारीक पॉलिश घेऊन काही फेरे. बऱ्याच वाट्या एवढ्यानेच उजळतात. उरले तर ५० किंवा २५ मिलिमीटरचा मऊ फोम घ्यावा. त्यावर पॉलिशचा एक थेंब आणि सर्वांत कमी वेग. पॅड रंगावर टेकवूनच मशीन सुरू करावे, नाहीतर थेंब उडून काचेपर्यंत जातो. वाटी आतून खोलगट असल्याने सपाट पॅडचा काठच टेकतो, म्हणजे दाब आपण धरला त्याहूनही जास्त असतो. काही सेकंद फिरवावे, पुसावे, बोटाच्या मागच्या बाजूने ऊब पाहावी. गरम लागले तर थांबावे. पुन्हा टॉर्च. ऐंशी टक्के रेघा गेल्या की काम झाले. टेप काढल्यावर खाचेत राहिलेली पांढरी पूड मऊ ब्रशने लगेच काढावी, वाळली की काळ्या प्लास्टिकवर चिकटून बसते.

दरवाजांमधल्या खांबावरच्या काळ्या चकचकीत पट्टीला हाच क्रम, फक्त आणखी मऊ हाताने. ती अनेक गाड्यांत रंगवलेला पत्रा नसून नुसते प्लास्टिक असते आणि फडक्यानेही ओरखडते. एप्रिल-मेच्या उन्हात हे काम सकाळी, सावलीतच करावे. तापलेल्या पत्र्यावर पॉलिश वाळून चिकटते आणि पॅड ओढू लागतो.

पैसे कुठे घालावेत

दुकान सुरू करणाऱ्याने एकदम सगळे घेऊ नये. मोठ्या जागांसाठी १५ मिलिमीटर थ्रोचे एक चांगले डीए, त्यानंतर ७५ मिलिमीटर पॅडचे एक लहान मशीन, आणि ५० व २५ मिलिमीटरची तोंडे शेवटी. या सगळ्यांच्या आधी चांगला टॉर्च, मास्किंग टेप, जाडी मोजायचे मीटर आणि भरपूर पॅड. महागडे मशीन आणि दोनच मळके पॅड यापेक्षा साधे मशीन आणि डझनभर स्वच्छ पॅड गाडीला जास्त मानवतात.

गाडीमालकांनी गाडी सोपवण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. कडांना टेप लावणार का? हँडल, खांब आणि बंपरसाठी वेगळे लहान पॅड आहेत का? सगळी गाडी करण्याआधी एका छोट्या जागेवर करून दाखवाल का? जो कारागीर या तिन्हींना न चिडता हो म्हणतो, त्याला चार पैसे जास्त द्यावेत आणि घाई करू नये. क्लिअर कोट गाडीबरोबर एकदाच मिळतो. तो जपून वापरणाऱ्या कारागिराची मजुरी वाढली, तर शिरूर-दौंडच्या वॉशिंग सेंटरांत काम करणाऱ्या पोरांना हा धंदा म्हणून नीट शिकण्याचे कारण मिळेल, आणि पुण्याला गाडी न्यायची गरज उरणार नाही.